माझ्या नावाची विहीर

माझ्या नावाची एक विहीर आहे, हे मला एका अनोळखी बाईनं येऊन सांगितलं, तेव्हा मी नळाला पाणी यायची वाट बघत बसले होते. आमच्या झाशीच्या प्रेमनगरात नळाचं पाणी म्हणजे रुसलेला जावई. कधी येईल, किती वेळ टेकेल, काही विचारायची सोय नाही. बादल्या, कळशा, घंगाळ सगळं मांडून मोरीशी बसावं लागतं, आणि नुसतं बसलं की मन नको तिथं हिंडून येतं. कडी वाजली तेव्हा वाटलं, शेजारीण साखर मागायला आली असेल. दार उघडलं तर डोक्यावर पदर ओढलेली, पायांना भेगा पडलेली, साधारण माझ्याच वयाची एक खेडवळ बाई, हातात दुधी भोपळा. भाजीवाली समजून मी 'नहीं चाहिए' म्हणून मोकळी झाले. ती हसली नाही आणि हललीही नाही. "अंबिका बाई तुमई आव?" म्हणाली. मी हो म्हटल्यावर तिनं भोपळा उंबऱ्याच्या आत ठेवला, वाकून हात जोडले आणि म्हणाली, "बाईसाब, हम हरबाई। तुमाए मायके के गाँव सें आए। तुमाए कुआँ कौ पानी चाउनें हमें।"

"मेरा कौनसा कुआँ?" मी म्हटलं. "यहाँ तो नल में पानी नहीं है।" पण ती चेष्टेच्या मूडमध्ये नव्हती. उंबऱ्याशीच बसली, मी माठातलं पाणी दिलं ते सगळं प्याली, आणि मग तिच्या बुंदेलीत तिनं जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते असं. गरौठ्याच्या पलीकडे आमच्या गावात, जिथं माझा थोरला भाऊ श्रीकृष्ण, आमचा दादा, शेती करतो, तिथं नवी विहीर झाली होती. पक्की, दगडात बांधलेली, वर डिझेलचं इंजिन. तिच्या भिंतीवर माझं नाव रंगवलेलं होतं. हरबाईचा दोन-अडीच बिघ्यांचा तुकडा त्या विहिरीला लागूनच. सरकारनं त्या सुमाराला छोट्या शेतकऱ्यांसाठी योजना काढली होती. ज्याची जमीन थोडी, त्याच्या विहिरीचा, इंजिनाचा काही खर्च सरकार सोसणार, मोठ्या शेतकऱ्याला ते मिळायचं नाही. हरबाईच्या नवऱ्यानंही अर्ज केला होता. पण एका विहिरीच्या इतक्या जवळ दुसरी मंजूर होत नाही, खालचं पाणी तुटतं म्हणून तसा नियम आहे. "साब ने कई, बाईसाब कौ कुआँ पासई में है, सो तुमें नईं मिल सकत।" हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिचा विचार सरळ होता. माझ्या विहिरीमुळे तिची विहीर अडली, तेव्हा माझ्या विहिरीचं पाणी तिला मिळायला हवं. आणि पाणी मागायचं तर जिचं नाव भिंतीवर आहे तिच्याकडेच मागायला हवं. गावात एवढी शहाणी माणसं, पण ते नाव कुणी खरं मानलं नव्हतं. ती चूक एकट्या हरबाईनं केली होती आणि तेवढ्यासाठी बसचे धक्के खात झाशीपर्यंत आली होती. यंदा पाऊस लवकर गेला. तिची जमीन काबर, म्हणजे वाळली की दगड होणारी काळी. पेरणीआधी एकदा पाणी मिळालं, पलेवा म्हणतात तिकडे, तर नांगर लागेल आणि गहू होईल, नाही तर रान तसंच पडून. "इंजन कौ तेल हम डरवा दैंहें," ती म्हणाली. "मुफत में नईं माँग रए, बाईसाब।"

मी तिला काही वचन दिलं नाही. "भैया से पूछकर बताऊँगी," एवढंच म्हटलं, आणि ती "हओ", म्हणजे बरं, असं म्हणून उठली, जणू काम झालंच. ती गेल्यावर मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती मागाहून आली. आधी आनंदच, पोरकट, अंगभर. माझी विहीर! नळाला पाणी आलं, बादली भरून वाहायला लागली आणि मी तशीच उभी. आमच्याकडे मुलींना जमीन देत नाहीत. इकडच्या कायद्यानंही लग्न झालेल्या मुलीला शेतात वाटा नव्हता, आणि असता तरी आम्ही मागितला नसता. आमची पोर माहेराहून निघते ती एक साडी, लोणच्याची बरणी आणि डोळ्यांत पाणी एवढंच घेऊन. पेशव्यांच्या वेळी आमचं कुणीतरी इकडे वसुलीच्या कामावर आलं, त्याबद्दल ही जमीन मिळाली आणि तेव्हापासून ती मुलग्यांकडून मुलग्यांकडे जात आली. मग जमिनीच्या सीलिंगचा कायदा आला, एका माणसाकडे किती जमीन असावी याला हद्द पडली, आणि आमचे आबासाहेब, माझे वडील, जन्मात प्रथमच लेकीच्या घरी जेवायला म्हणून झाशीला आले. जेवण झाल्यावर म्हणाले, "अंबे, इथं सही कर." मी केली, आणि जमिनीचा एक तुकडा माझ्या नावावर झाला. "नुसतं नावाला आहे हो," असं त्यांनी आमच्या ह्यांना लगेच सांगितलं, उगीच गैरसमज नको म्हणून. नुसतं नावाला. पण नाव तर माझं होतं ना. आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली, आणि तो तुकडा मी कधी पाहिलाही नव्हता. तरी भाजी निवडता निवडता मी कधी त्यात ज्वारी पेरत असे, कधी हरभरा, एकदा तर उगीचच जवस, त्याची निळी फुलं मला आवडतात म्हणून. हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही.

आमचे हे, विद्याधर, रेल्वेच्या वर्कशॉपात कारकून. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. संध्याकाळी मी हरबाईचं सगळं सांगितलं तर चपला काढता काढता म्हणाले, "तू यात पडू नकोस. विकतचं दुखणं कशाला? तुझ्या माहेरचा मामला आहे, दादा बघून घेतील." मी म्हटलं, "अहो, पण विहीर माझ्या नावाची आहे." त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, की ताप आलाय की काय. आणि मजा अशी, की दोनच दिवसांत दादाचाच निरोप आला. गरौठ्याच्या बसच्या कंडक्टरकडून तो नेहमी निरोप पाठवी, कधी त्याच्या हाती वालाच्या शेंगाही येत. कंडक्टर सीपरी बाजारात आमच्या ह्यांना भेटला आणि म्हणाला, "भाईसाहब, बहनजी को भेज दीजिए, गाँव में साहब लोग जाँच को आ रहे हैं।" म्हणजे विहीर खरोखर छोट्या शेतकऱ्याचीच आहे ना, हे बघायला साहेब येणार, तेव्हा छोटा शेतकरी विहिरीपाशी उभा हवा. तो छोटा शेतकरी मी.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मऊरानीपूर सुटेपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं, आणि नंतरही ठरवलं असं म्हणता यायचं नाही. बाहेर उन्हात सगळी रानं वाळून पडली होती, पिवळी नाही, काळीही नाही, राखेला असतो तसा रंग. ऑक्टोबर लागला की माझ्या लहानपणी इथं चिखलाला वास यायचा, दादा मला खांद्यावर घेऊन बांधाबांधानं हिंडायचा आणि ढेकूळ हातात देऊन विचारायचा, "सांग, कुठली? मार की काबर?" मार म्हणजे त्यातल्या त्यात मऊ काळी. मी नेहमी चुकायची, आणि तो दरवेळी "शाबास" म्हणायचा. दादा माझ्याहून पुष्कळ मोठा. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणी घालायला तोच बसायचा. त्याच्या बोटांना बैलाच्या दोरखंडाची सवय, वेणी अशी घट्ट पीळ घातलेली असायची की डोळे वर ओढले जायचे. शाळेत मुली हसायच्या. मी कुणाला ती सोडू द्यायची नाही. आता बसमध्ये बसल्या बसल्या मला कानशिलं ताणल्यासारखी वाटायला लागली, आणि मनात आलं, आपण नुसतं 'जी' म्हणून परत यावं. एक 'जी' काय जड आहे? सगळी दुनिया म्हणते. हरबाईला सांगावं, भैया नाही म्हणतो. ती 'हओ' म्हणेल. तिला काय, ऐकून घ्यायची सवय असेल. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि मला माझीच शिसारी आली.

घरी वहिनीनं, प्रेमलानं, पाय धुवायला गरम पाणी ठेवलं होतं. दादा ओसरीवर सुपारी कातरत बसला होता, मला बघून उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अंबे, वाळलीस गं. विद्याधर खायला घालतात की नाही?" त्याची मान बारीक झाली होती, कॉलरमधून ती कोंबडीसारखी दिसत होती, त्या मानेकडे बघून माझं निम्मं अवसान गळालं. जेवताना त्यानं माझ्या पानात साय वाढायला लावली. मग म्हणाला, "काही नाही गं, साहेब विचारेल विहीर तुमची का, तू जी म्हणायचं, की झालं. बाकी मी आहे."

"दादा, हरबाई आली होती माझ्याकडे."

त्याचा घास थांबला. "झाशीला?"

"तिला एकदाच पाणी हवंय. पलेव्याला. तेल ती घालते म्हणाली."

दादा चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं मला समजावून सांगितलं, जसा लहानपणी माती समजावून सांगायचा. "हे बघ, ती विहीर तिच्या नवऱ्याला मिळाली असती तर काय झालं असतं? सरकार काही सगळा खर्च देत नाही, बाकीचं आपलं घालावं लागतं. दगड कोण आणणार? सुरुंग कोण लावणार? अर्धा खड्डा खणून बसला असता नि त्यात कुणाची तरी म्हैस पडली असती. योजना परत गेली असती, गावाला काहीच नाही. मी निदान विहीर पुरी केली. माझ्या रानावर गावातली किती घरं कामाला येतात, ती काय हवा खातात?"

"मग एकदा पाणी दिलं तर बिघडलं कुठं?"

"आज तिला दिलं की उद्या सगळी वस्ती ओळीनं उभी. पाणी आहे केवढं त्यात! माझाच गहू पुरता भिजायचा नाही. अंबे, तुला शहरात बसून दया यायला काय जातं?" मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "आबा असते तर तू हे विचारलं असतंस?"

नसतं विचारलं. आणि दादाचं सगळंच खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. तिथंच तर सगळी पंचाईत. हरबाईच्या नवऱ्याला खरोखर दगड आणता आले नसते. पण म्हणून सरकारनं लहानासाठी ठेवलेलं ताट मोठ्यानं उचलावं, आणि वर आपल्यालाच पुरत नाही म्हणून पोराला एक घासही देऊ नये, हे कुठल्या न्यायात बसतं? आमच्या घरात त्या वर्षी सगळेच छोटे शेतकरी झाले होते. दादा छोटा, वहिनी छोटी, मी छोटी; अनुसयाआत्या वारून किती वर्षं झाली, पण कागदावर तीही छोटी शेतकरीण म्हणून नांदत होती. चारपाच छोटे एका ओसरीवर बसून साय खात होते. मोठं कुणीच नव्हतं. हे मनात येऊन मला हसू आलं, आणि वहिनीनं विचारलं, "का हो वन्सं?" मी म्हटलं, "काही नाही, आणखी पोळी नको."

सकाळी वहिनीनं मला विहीर दाखवायला नेलं. मला वाटलं होतं, बघितल्यावर काही वाटणार नाही, दगडचुन्याचं काम ते. पण भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'श्रीमती अंबिका, पुत्री आबासाहेब'. पुत्री. लग्नाला एवढी वर्षं झाली, रेशनकार्डापासून मतदारयादीपर्यंत मी विद्याधरांची पत्नी, मेल्यावरही तेच लिहितील. आणि इथं उन्हात, माळावर, मी अजून आबांची मुलगी होते. मी अक्षरांवरून हात फिरवला. रंग बोटाला लागला नाही. खोटं एवढं पक्कं रंगवतात हे मला माहीत नव्हतं. आणि ते खोटं मला हवं होतं, अगदी जीव जाईल इतकं हवं होतं. विहीर नको, पाणी नको, फक्त तो एक शब्द. आत वाकून बघितलं. खोल, हिरवट, गप्प पाणी. मग मान वर केली तर बांधापलीकडे हरबाई कुदळीनं एक ढेकूळ फोडत होती. फुटत नव्हतं. तिनं आमच्याकडे बघितलं, पण हाक मारली नाही. विहिरीच्या मालकिणीला आपल्या विहिरीशी निवांत उभं राहू द्यावं, अशा रीतीनं ती पाठ करून पुन्हा कामाला लागली. वहिनी म्हणाली, "चला वन्सं, ऊन लागेल." माझ्या आयुष्यात मला मालकीण समजून वागलेलं ते एकच माणूस. तिला खोटं ठरवायचं म्हणजे मला खोटं ठरायला हवं होतं. आणि तिला खरं ठरवायचं तर दादाला.

साहेब दुपारच्या आधी जीपमधून आला. तरुण होता, कानपूरकडचा, गोड बोलणारा. ऊन सोसत नव्हतं म्हणून रुमाल सारखा मानेवर. गावची चार माणसं जमली. हरबाई आणि तिचा नवरा बांधावर लांब उभे होते. दादा माझ्या शेजारी, इतक्या जवळ की त्याच्या सुपारीचा वास येत होता. साहेबानं विचारलं, "माताजी, ये कुआँ आपका है?"

"जी, मेरा है।"

"खेती आप खुद करवाती हैं?"

दादाच बोलला, "हाँ साहब, बहन जी आती-जाती रहती हैं।" माझ्या तोंडून हो निघालं की नाही, मला आठवत नाही. साहेबानं मान हलवली, पेन उघडलं आणि सहज, रोजच्या सवयीनं विचारलं, "सिंचाई किन-किन खेतों की होगी?"

हा प्रश्न दादानं पढवला नव्हता. त्याला तो येईल असं वाटलंच नसणार. मला स्पष्ट आठवतं, मी हरबाईचा विचार केला नाही, न्यायाचा नाही, सरकारचा तर नाहीच. मी भिंतीवरच्या त्या शब्दाचा विचार केला. मी आबांची मुलगी असेन, ही विहीर माझी असेल, तर मग ती माझीच असू दे, पूर्ण. "मेरे खेत की," मी म्हणाले, "और हरबाई के खेत की। पलेवे का पानी पहले उसको दूँगी।"

साहेबाला केवढा आनंद झाला. "वाह माताजी! योजना का उद्देश्य ही यही है," म्हणत त्यानं ते लिहून घेतलं. दादा हसला. "हाँ हाँ, क्यों नहीं, क्यों नहीं," म्हणाला, आणि साहेबाच्या खांद्याला हात लावून त्याला जेवायला घराकडे घेऊन गेला. बांधावर हरबाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. ते मी बघायला नको होतं, पण बघितलं.

जीप गेल्यावर दादा ओसरीवर आला. मी खांबाला टेकून उभी होते. तो ओरडेल म्हणून मी तयारी केली होती. तो नेहमीच्या जागी बसला, अडकित्ता हातात घेतला आणि सुपारी न कातरता म्हणाला, "अंबे, विहीर तुझी. कबूल. चार माणसांत बोललीस, साहेबानं लिहून घेतलं, मी काही शब्द फिरवायचा नाही. पण वर जे इंजिन आहे ना, ते तुझ्या वहिनीच्या नावावर आहे. तेही सरकारनं छोट्या शेतकऱ्यालाच दिलंय. तेव्हा ते तिला विचार."

वहिनी दारात उभी होती, हातात साहेबाचं उष्टं ताट. हिला मीच पसंत केली होती. ग्वाल्हेरला एका हळदीकुंकवात पाहिली आणि आबांना म्हटलं, दादाला हीच करा, हिचं हसणं छान आहे. "वहिनी," मी म्हटलं, "एका दिवसापुरतं दे." तिनं माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, मग ताटाकडे. या घरात इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं असेल तर भाजीला मीठ पुरे का एवढंच; आणि आज एकदम इंजिन. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मी शपथेवर सांगते आलं होतं. पण दादानं अडकित्ता खाली ठेवला, त्याचा आवाज झाला, आणि ती म्हणाली, "मला नाही बाई त्यातलं काही कळत." ताट घेऊन ती आत गेली. दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "लोकांसमोर, अंबे," तो म्हणाला. "घरात मला जोडा मारला असतास तरी चाललं असतं." मला त्याच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. मी बसले नाही.

इंजिन त्याच दिवशी बैलगाडीतून घरी आणलं. मी बसला निघाले तेव्हा दादा घरात नव्हता. वहिनीनं खाली मान घालून माझी ओटी भरली, तांदूळ तिच्या हातून सांडत होते. वाटेत विहीर लागली. हरबाई आणि तिच्या नवऱ्यानं दोन लाकडं आडवी टाकून, दोराला तेलाचे रिकामे डबे बांधून पाणी ओढायला सुरुवात केली होती. मोटेला बैल चालायला तिथं धाव नव्हती. इंजिनासाठी बांधलेली विहीर ती, हातानं उपसायची नव्हे. डबा वर येईपर्यंत निम्मा सांडायचा, उरलेला हरबाई बांध ओलांडून नेऊन ओतायची आणि काबर जमीन तो गिळून पुन्हा तशीच. मी दोराला हात लावला. दोनचार डबे ओढले असतील, तळहात सोलून निघाले. हरबाईनं दोर माझ्या हातातून काढून घेतला. "रहन देव, बाईसाब," ती म्हणाली. "तुमने तौ दै दओ।" तिला मनापासून तसंच वाटत होतं. तिच्या लेखी मी दिलं होतं. माझ्याकडे होतं तेवढं सगळं दिलं होतं. मी तिला सांगू शकले नाही की माझ्याकडे काहीच नव्हतं.

पुढे कंडक्टरकडूनच कळलं, कोपऱ्यापुरती ओल झाली, बाकीचं रान पडून राहिलं, आणि हरबाईचा नवरा कामाला कानपूरकडे गेला. दादाकडून निरोप आला नाही. कंडक्टर आमच्या ह्यांना बघून दुसरीकडे बघायला लागला. हे मला काही म्हणाले नाहीत. 'मी सांगत होतो' असंसुद्धा नाही, आणि त्या न म्हणण्याचा मला फार राग आला. नळाला पाणी यायचं, मी भरायची. कधी कधी वाटायचं, मी हे हरबाईसाठी केलं की त्या एका शब्दाच्या लोभानं? लोभानं केलेलं चांगलं, चांगलं असतं का? आणि निष्पन्न काय, तर तिला पाणी नाही आणि मला माहेर नाही. एवढ्या मोठ्या सरकारला लहान-मोठ्यात वाटणी जमली नाही, ती मी एका वाक्यात करायला गेले होते.

दिवाळी आली. भाऊबीजेला दादा दरवर्षी दुपारच्या बसनं यायचा; त्या दिवशीही मी सकाळपासून पाट मांडून ठेवला, भोवती रांगोळी काढली, तबकात सुपारी, अंगठी, अक्षता, निरांजन. बासुंदी आटवली, त्याला जाड आवडते. दुपारची बस आली असेल. मग संध्याकाळची आली असेल. रस्त्यावर सायकल थांबली तरी मी दारात जात होते. दिवेलागणीला हे बिचारे समजुतीनं म्हणाले, "ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात ना? तूही ओवाळ आणि चार घास खा." मी निरांजन पेटवलं आणि तबक घेऊन गच्चीवर गेले. रेल्वेच्या यार्डावर बीजेची कोर टेकली होती, आता बुडेल मग बुडेल अशी. शेजारच्या गच्चीवरून शेजारणीनं विचारलं, "दीदी, भैया नहीं आए?" मी म्हटलं, "आएँगे।" हात उचलला आणि तसाच थांबला. चंद्राला ओवाळायचं ते जिला भाऊ नाही तिनं. माझा भाऊ होता. गरौठ्याकडे, गावी, धडधाकट, या वेळी ओसरीवर सुपारी कातरत बसला असेल. तो जिवंत असताना मी चंद्राला ओवाळलं तर ते त्याचं वाईट चिंतल्यासारखं झालं असतं. मी ओवाळलं नाही. वारा नव्हता. निरांजनातलं तूप संपून वात आपोआप विझेपर्यंत मी तबक हातात धरून उभी राहिले.